हुकूमनामा कंपनीवर, बंगला मालकाचा

दिवाणी वाट : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण दावा जिंकला. निकालाची नक्कल हातात पडली, पेढे वाटून झाले. जिंकलेला माणूस खरा थकतो तो त्यानंतर. प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये दरभंग्याच्या एका प्रकरणात म्हणून ठेवलं होतं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं उलटून गेल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर देशभरातल्या तुंबलेल्या दरखास्तींचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जांचा, आकडा आला : सुमारे ८ लाख ८२ हजार. त्यांतल्या ३ लाख ४० हजारांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. या बाबतीत आपला पहिला नंबर आहे.

यांतल्या किती दरखास्ती कंपन्यांविरुद्ध आहेत ते त्या आकड्यात दिसत नाही. पण कंपनीविरुद्धच्या दरखास्तीचं दुखणं वेगळं असतं, म्हणून आजचा लेखांक तिच्यासाठी.

भोसरीच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके करणारा एक लहान कारखानदार डोळ्यांसमोर आणा. माणूस माझ्या कल्पनेतला, अडचण मात्र कुठल्याही दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात रोज भेटणारी. त्याने एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला दोन वर्षं उधारीवर खोके पुरवले. १८ लाख थकले. दावा लावला, जिंकला. मुद्दल, व्याज, खर्च, सगळ्याचा हुकूमनामा झाला. कंपनीने दमडी भरली नाही, म्हणून दरखास्त दाखल केली, जप्तीचं वॉरंट काढलं, भत्ता भरला आणि बेलीफाला घेऊन कारखाना गाठला. शेडमध्ये तीन यंत्रं, तिन्ही बँकेकडे तारण. शेड भाड्याची. कंपनीच्या खात्यात चार हजार रुपये. दारात उभी असलेली मोठी गाडी एका संचालकाच्या पत्नीच्या नावावर.

“वकीलसाहेब, माल ज्याने घेतला तो तर रोज समोर दिसतो. दोन मजली बंगला आहे त्याचा. तोच जप्त करा ना.”

“हुकूमनाम्यात त्याचं नाव नाही.”

“पण कंपनी त्याचीच ना?”

हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो. आपण बोलताना ‘पाटलांची कंपनी’, ‘शहांची कंपनी’ असं सहज म्हणतो. कायदा असं म्हणू देत नाही.

कायद्याच्या या हट्टाची गोष्ट लंडनच्या एका चर्मकाराची आहे. ॲरन सालोमन व्हाइटचॅपलमध्ये बूट बनवायचा. धंदा चांगला चालला होता. १८९२ मध्ये त्याने धंद्याची कंपनी केली. तेव्हा सात सभासद लागत : एक तो, एक बायको आणि पाच मुलं. घरच्यांकडे एकेक शेअर, याच्याकडे २० हजारांहून अधिक. धंदा कंपनीला विकला आणि किमतीपोटी काही शेअर व काही तारणी रोखे स्वतःच घेतले. पुढे कंपनी बुडाली. तारणी रोख्यांमुळे पैशावर पहिला हक्क सालोमनच्या बाजूचा ठरला आणि उधारीवर माल देणाऱ्यांसाठी काही उरेना. खालच्या दोन्ही न्यायालयांना हे पटलं नाही; कंपनी म्हणजे सालोमनच, असा त्यांचा कल. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९६ च्या अखेरीस एकमताने उलट निकाल दिला. नोंदणी झाली की कंपनी ही वेगळी व्यक्ती. तिची देणी तिची. कायद्याला लागणारे सात जण जमले आहेत, ते एका घरातले आहेत की सात गावचे हे न्यायालयाने पाहायचं कारण नाही.

भारतात हेच तत्त्व दुसऱ्या बाजूने आलं, आणि तेही मुंबईतून. बाचा गझदर यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा म्हणून करमुक्त होता, तेव्हा मला मिळालेल्या लाभांशाचाही तेवढा भाग शेतीचंच उत्पन्न धरा, असा त्यांचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तो नाकारला. मळा कंपनीचा, भागधारकाचा हक्क नफा वाटला गेला तर त्यातल्या वाट्यावर आणि कंपनी गुंडाळली तर देणी भागवून उरलेल्यावर. भागधारकाला मळ्यातलं एक रोपटंही आपलं म्हणता येत नाही. मग कंपनीचं कर्ज तरी त्याचं कसं म्हणणार? आपल्या खोकेवाल्याला हे कडू वाटेल, पण दोन्ही पारडी एकाच तराजूची आहेत.

‘लिमिटेड’ म्हणजे मर्यादा कशाची, याबद्दलही मोठा घोळ आहे. मर्यादा कंपनीच्या जबाबदारीला नसते. कंपनी शेवटच्या पैपर्यंत देणं लागते. मर्यादा भागधारकाला. दहा रुपयांच्या शेअरचे दहा रुपये त्याने भरले असतील तर त्याचा संबंध संपला. सहाच भरले असतील तर उरलेले चार कंपनी गुंडाळताना त्याच्याकडून मागता येतात. लहान खासगी कंपन्यांत शेअर बहुतेक पूर्ण भरलेले असतात आणि एकूण भांडवल कित्येकदा एक लाख रुपये. म्हणजे १८ लाखांची उधारी ज्या पायावर दिली तो पाया मुळात एक लाखाचा होता. हा आकडा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट दिसतो. कंपनीच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे, तेही तिथेच. खोक्यांचा पहिला टेम्पो निघायच्या आधी पाच मिनिटं त्यासाठी काढायला हवी होती. हे मी त्याला ऐकवणार नाही, तुम्हाला ऐकवतोय.

जुन्या पेढीशी तुलना केली की फरक ठसतो. भागीदारीत प्रत्येक भागीदार पेढीच्या सगळ्या देण्याला स्वतः बांधलेला असतो, आणि पेढीविरुद्धचा हुकूमनामा ठरावीक अटींवर भागीदाराच्या घरापर्यंत नेता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ मध्ये, त्यासाठी वेगळा नियमच आहे. कंपनीच्या भागधारकांसाठी तसा नियम नाही. अंमलबजावणीच्या न्यायालयाला हुकूमनाम्यात जे नाव आहे त्याच्यावर बजावणी करायची असते; त्यात नवं नाव घालायचा अधिकार त्याला नाही.

मग मालकापर्यंत पोचायची वाटच नाही? आहे, पण ती बहुतेक वेळा त्याच्याच सहीवरून जाते.

वैयक्तिक हमी, म्हणजे संचालकाने स्वतःच्या नावाने दिलेली जामीनकी, ही त्यांतली सगळ्यांत भक्कम. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. बँका हे कागद घेतल्याशिवाय रुपया देत नाहीत, आणि आपला व्यापारी ‘सही मागितली तर पार्टी नाराज होईल’ म्हणून गप्प बसतो. पार्टी बँकेवर नाराज होत नाही. दुसरी सही धनादेशावरची. धनादेश न वटता परत आला आणि परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फिर्याद केली, तर गुन्ह्याच्या वेळी कंपनीचा कारभार पाहणारे संचालकही आरोपी होतात. पण परतीची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, पैसे भरायला १५ दिवस दिले पाहिजेत आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. ‘देतो हो पुढच्या आठवड्यात’ या वाक्यावर या मुदती निघून गेलेल्या मी असंख्य पाहिल्या आहेत.

तिसरी वाट फसवणुकीची. कंपनीचा पडदा न्यायालयं बाजूला सारतात, पण हात आखडून. दिल्लीच्या स्किपर कन्स्ट्रक्शनचं प्रकरण वकील नेहमी सांगतात : झंडेवालानचा भूखंड १९८० च्या लिलावात घेतला, त्याचे पैसे नीट भरले नाहीत, आणि न्यायालयाने मनाई केल्यावरही बांधायच्या इमारतीतले गाळे विकून लोकांकडून पैसे गोळा करणं चालूच ठेवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांचा आडोसा दूर केला आणि त्या चालवणारे तेजवंत सिंग व त्यांच्या कुटुंबीयांच्या मालमत्तांना हात घातला. पण तिथे न्यायालयाचाच अवमान झाला होता आणि शेकडो खरेदीदार लुबाडले गेले होते. धंदा बुडाला, पैसे थकले, एवढ्यावर पडदा सरत नाही. कंपनी गुंडाळताना कंपनी कायद्याच्या कलम ३३९ खाली आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम ६६ खाली, धनकोंना फसवायच्या हेतूने धंदा चालवणाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी टाकता येते. हा हेतू शाबीत करणं सोपं नाही. एवढं असूनही सालोमनचं तत्त्व मला चुकीचं वाटत नाही. ते नसतं तर अनोळखी माणसाच्या धंद्यात कोणी पैसा घातला नसता. खटकतं ते वेगळंच. खासगी कंपनीचा प्राप्तिकर वसूल झाला नाही तर आपली गंभीर हयगय नव्हती हे शाबीत करायचं ओझं कायद्याने संचालकांवर टाकलं आहे, नाहीतर कर त्यांच्याकडून. जीएसटीतही तशीच सोय. सरकारने स्वतःच्या पैशासाठी पडद्याला खिडकी ठेवली आणि खोकेवाल्याला भिंत दाखवली.

तरी दरखास्तीच्या टप्प्यावर एक हत्यार आहे, आणि ते फार कमी वापरलं जातं. आदेश २१, नियम ४१. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस न फेडलेला राहिला की ऋणकोने आपल्या मालमत्तेचं शपथपत्र द्यावं असा अर्ज करता येतो, आणि ऋणको कंपनी असेल तर न्यायालय तिच्या अधिकाऱ्याला ते द्यायला सांगू शकतं. आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. बेलीफाने शेडमध्ये यंत्रं मोजत बसण्यापेक्षा संचालकाने शपथेवर सांगावं : खाती कुठे, येणी कोणाकडून, गेल्या वर्षी विकलेलं यंत्र कोणाला विकलं. येणी हा इथला कळीचा शब्द. ज्या कंपनीकडे यंत्रं नाहीत तिचे पैसे कुठल्यातरी मोठ्या ग्राहकाकडे अडकलेले असतात. नियम ४६अ खाली त्या ग्राहकालाच नोटीस काढून ‘हे पैसे कंपनीला न देता न्यायालयात भरा’ असा आदेश मागता येतो. आणि विकलेलं यंत्र शेजारच्या शेडमध्ये, नव्या नावाच्या पाटीखाली, त्याच कामगारांच्या हातात सापडलं, तर फसवणुकीची चर्चा पहिल्यांदा पुराव्यानिशी सुरू होते.

दोन खाचखळगे थोडक्यात. दरखास्त चालू असताना कोणी कंपनीला दिवाळखोरी संहितेखाली ओढलं आणि कलम १४ ची स्थगिती लागली, की तुमची जप्ती जागच्या जागी थांबते; मग हुकूमनाम्यासह आपला दावा तिथे नेमलेल्या व्यावसायिकाकडे वेळेत नोंदवायचा. ही स्थगिती जामीनदाराला मिळत नाही, हे वरच्या सहीचं आणखी एक मोल. १८ लाखांसाठी दिवाळखोरी संहितेची वाट तुम्हाला स्वतः धरता येत नाही. मार्च २०२० पासून किमान थकबाकी एक कोटी लागते. दुसरा खळगा : कंपनीचं नाव नोंदवहीतून उडालेलं असणं. २०१७ मध्ये निष्क्रिय म्हणून दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं काढली गेली, आणि ‘कंपनीच राहिली नाही, आता कोणाकडून घेणार?’ हे उत्तर तेव्हापासून रुजलं. ते खोटं आहे. नाव काढलं तरी संचालक आणि सभासद यांची असेल ती जबाबदारी कायम राहते, आणि धनकोला २० वर्षांच्या आत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन नाव पुन्हा लावून घ्यायचा अर्ज करता येतो.

पुढच्या आठवड्यात परराज्यातला आणि परदेशातला हुकूमनामा इथे कसा बजावतात ते पाहू. दुबई आणि लंडनच्या वाचकांची पत्रं त्याचसाठी आली आहेत. तोवर एक काम करा. कपाटात जुना हुकूमनामा पडून असेल तर काढून त्यावरची तारीख वाचा. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तेरावं लागलं असेल तर तो कागद फक्त फाइलीत ठेवण्यापुरता उरला.