पदकाची कड वाचावी

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई आमच्याकडे आली. पदराच्या गाठीत एक गोल, जड पदक होते. आजेसासऱ्याच्या पेटीत सापडलेले. "गुरुजी, भांडेवाला म्हणते का मोडीत दे, तांब्याचा भाव देतो. देऊ का जी?"

आम्ही म्हटले, "बाई, आधी वाचू. मग काय ते ठरव."

तुमच्याही घरी असे काही असेल. म्हणून ते कसे वाचावे ते सांगतो. आधी खिशातला रुपया काढा. सालाच्या खाली बघा. तेथे हिऱ्यासारखी चौकट असेल तर तो मुंबईच्या टाकसाळीत पाडलेला. चांदणी असेल तर हैदराबादचा, ठिपका असेल तर नोएडाचा. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचा.

पदकाचेही असेच. घडवणारा कोठे तरी आपली खूण ठेवतो. इंग्लंडात चांदीच्या वस्तूवर बारीक छाप मारतात. चालणारा सिंह म्हणजे चांदी खरी. नांगर म्हणजे ती बर्मिंगहॅम शहरात तपासली. (जहाजाचा नांगर बरे, आपला शेतातला नव्हे!) बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन. शेजारी कारागिराच्या नावाची अक्षरे असतात. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तर पुष्कळ पदकांच्या कडीवर कारखान्याचा नुसता आकडा ठोकीत. आकडा कळला की कारखाना कळला.

कधी खूण नसते. मग घडण पाहावी लागते. हिंदी फौजेचे एक पदक कलकत्ता आणि लंडन अशा दोन टाकसाळींत पाडले गेले. जाणकार माणसे ते टांगायच्या पंज्यावरून वेगळे ओळखतात.

आता बाईचे पदक. एका बाजूला बादशहा पंचम जॉर्जचे डोके. दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि १९१४ व १९१८ हे आकडे. म्हणजे पहिल्या महायुद्धाचे. शिपायांना हे पदक चांदीचे मिळाले, अशी सुमारे ६५ लाख पदके निघाली. पण ओझी वाहणाऱ्या, रस्ते खणणाऱ्या मजूर पथकांतील माणसांना तेच पदक कांशाचे दिले. ती फक्त सुमारे १ लाख १० हजार. हिंदी मजूर, चिनी मजूर, माल्टा बेटावरचे मजूर, सगळे त्यात आले. काम जिवावरचे, पण मान देताना धातू हलका केला! आम्हाला हे खटकते. पण त्यामुळेच आज हे तांबूस पदक दुर्मिळ आहे. भांडेवाल्याला ते कसे ठाऊक असणार?

मग पदक आडवे धरून कड पाहिली. नाव असते ते तेथेच. इंग्रजी अक्षरे फार बारीक. भिंगाने पाहिली. आधी नंबर, मग नाव, मग पथक.

असे पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका. अक्षरे झिजतात. कोरड्या, मऊ फडक्याने पुसा, बस.

आपल्या जिल्ह्यात काही घरी ताम्रपत्रेही आहेत. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षी, १९७२ साली, ती स्वातंत्र्यसैनिकांना मिळाली. त्यांवरचा मजकूर देवनागरीत आहे. तो तुम्ही स्वतःच वाचू शकाल.

बाईने नाव आमच्याकडून दोनदा वाचून घेतले. तिसऱ्यांदा आम्ही ते पाटीवर मराठीत लिहून दिले. ते तिने बोट ठेवून स्वतः वाचले, आणि पदक पुन्हा पदरात बांधले.