पांढरीत यंत्र वाजतं तेव्हा

उजनी धरणाचा साठा ‘मायनस’मध्ये, म्हणजे उपयुक्त पातळीच्या खाली, गेला की इंदापूर तालुक्याच्या अंगणात दोन गोष्टी हमखास घडतात. पाण्यावरून पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची जुनी भांडणं नव्यानं सुरू होतात, आणि भीमेच्या तळाशी गेलेली गावं डोकं वर काढतात. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्यात गेलेलं जुनं पळसदेव 2024 च्या उन्हाळ्यात असंच दिसू लागलं होतं. विटांच्या शिखराचं देऊळ पाहायला लोकांची रीघ लागली. देवळाच्या आसपास घरांची जोती, ढासळलेल्या भिंतींच्या रेघा, गाळात रुतलेले दगड. पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतोच: या घरांत काही राहून गेलं असेल का?

हा प्रश्न पूर्वी गावच्या देवऋषीकडे जायचा. आता तो मोबाइलवर जातो आणि काही हजार रुपयांचं मेटल डिटेक्टर घरपोच येतं. मार्च 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली शेकडो माणसं रात्री टॉर्च, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होती. मोगलांच्या टांकसाळीतलं सोनं तिथं पुरलंय, असा बोभाटा झाला होता. शेतमालकाच्या वाट्याला मात्र खड्डेच आले.

बारामती-इंदापूरच्या मुलखात अशा ओसाड जागा पुष्कळ, आणि त्या ओळखायला यंत्र लागत नाही. शेतकरी काळी आणि पांढरी हा भेद जन्मापासून जाणतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यानपिढ्यांच्या चुलींची राख, शेणमाती, हाडं, चुना, पडलेल्या भिंती आणि माळवदांची माती यांचा थर चढत जातो आणि गावाखाली राखाडी टेकाड तयार होतं. गाव उठलं तरी टेकाड राहतं. या मातीत फॉस्फरस भरपूर, म्हणून लोक ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकत. एखाद्याच्या उसात अचानक जुना पैसा सापडतो, तो बहुधा अशा गाडीतून आलेला असतो.

इथली गावं का उठली, याचा इतिहासही नोंदलेला आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं ठरवलेला सारा इंदापूर तालुक्याला इतका जड गेला, की माणसं घरदार टाकून शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. शेवटी 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापुरातूनच नव्या मोजणीला आणि साऱ्याला सुरुवात करावी लागली. पुढं 12 मे 1875 रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. पाठोपाठ 1876-78 चा दुष्काळ आला. बँक नाही, रस्त्यावर लुटारूंची भीती, दारात वसुलीचा शिपाई: अशा वेळी चार पैसे मडक्यात घालून चुलीमागं पुरणं हा शहाणपणाच होता. त्यामुळं गुप्तधनाच्या गोष्टी साफ खोट्या नाहीत. त्यातला हंडा तेवढा फार मोठा करून सांगितलेला असतो, आणि त्यावर बसलेला नाग तर प्रत्येक गावात एकाच जातीचा असतो.

आता यंत्राकडे येऊ. डिटेक्टरच्या टोकाला जी थाळी असते, तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि खाली तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र वर परत येतं. दुसरं वेटोळं ते पकडतं. यंत्र ‘वाजतं’ ते या प्रतिसादानं. सोन्याचा वास घेणारं त्यात काही नाही.

ही युक्ती जुनी आहे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच यंत्रानं शोधायचा प्रयत्न केला होता. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घात केला आणि गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी योझेफ कोसात्स्की यानं सुरुंग शोधायचं हलकं यंत्र बनवलं, ते 1942 मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात कामी आलं. आजच्या छंदी यंत्रांचं मूळ याच घराण्यात आहे.

धातूची जात कशी कळते? प्रतिसाद परत येण्यात अतिसूक्ष्म विलंब होतो. तांबं आणि चांदी वीज उत्तम वाहून नेतात, त्यांचा विलंब जास्त. पातळ वर्खाचा कमी. लोखंड स्वतः चुंबकाला लागणारं, म्हणून त्याचं उत्तर निराळं. यंत्र हा विलंब मोजून पडद्यावर आकडा दाखवतं. पण आकार, जाडी, गंज आणि वस्तू आडवी की उभी, या सगळ्यांनी आकडा हलतो. सोन्याची बारीक अंगठी आणि औषधी गोळ्यांच्या पाकिटाचा वर्ख यांचे आकडे शेजारी-शेजारी पडतात. आपल्या शिवारात बाटल्यांची बुचं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, मोटारीच्या वायरीचे तुकडे, ट्रॅक्टरचे नटबोल्ट यांचा सुकाळ आहे. सोनं सोडा, दिवसभरात एक जुनी बिजागरी निघाली तरी नशीब म्हणायचं.

दख्खनमध्ये आणखी एक अडचण आहे. कऱ्हेच्या किंवा नीरेच्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहा. त्याला काळी भुकटी मिशांसारखी चिकटते. हे बेसाल्ट खडकातलं मॅग्नेटाइट आणि त्याच्या भावकीतली खनिजं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा वारसा आपल्या सगळ्या काळ्या जमिनीत भरून राहिला आहे. त्यामुळं थाळीखाली धातू नसतानाही माती स्वतःच कुरकुरते. यंत्राला आधी त्या जमिनीची सवय लावून घ्यावी लागते, याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. मऊ, सारख्या मातीसाठी बनवलेलं स्वस्त यंत्र इथं आणलं की ते दर पावलाला वाजतं, नाहीतर गप्प बसतं.

पण शास्त्रज्ञाला हीच कुरकुर उपयोगी पडते. माती तापली की तिच्यातली लोहखनिजं बदलतात आणि ती अधिक चुंबकीय होते. म्हणजे जिथं वर्षानुवर्षं चूल पेटली, कुंभाराची भट्टी लागली किंवा घर जळालं, ती जागा मॅग्नेटोमीटर या चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर शेजारच्या मातीपेक्षा वेगळी दिसते. कुदळ न लावता जमिनीखालच्या चुली आणि भट्ट्यांचा नकाशा काढता येतो. मला विचाराल तर पांढरीतली खरी चीज ही चूल आहे.

खोलीचंही गणित ऐकून ठेवा. थाळीच्या मापापेक्षा अंतर बरंच वाढलं, की लहान वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या सहाव्या घातानं घटतो. अंतर दुप्पट, तर प्रतिसाद चौसष्टावा भाग. म्हणून साधं यंत्र एकटं नाणं जेमतेम वीतभर खोलीपर्यंत ओळखतं. वीस मीटर खोलवरचं सोनं दाखवणारे ‘लाँग रेंज लोकेटर’ विकले जातात, त्यांना भौतिकशास्त्राचा कुठलाही आधार नाही. असलंच पोकळ यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकसह अनेक देशांना विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयानं तुरुंगात धाडलं.

समजा, सगळं जुळून आलं आणि वीतभर खाली तांब्याची एक शिवराई लागली. हिरवट, ओबडधोबड, ठिपक्यांची कड अर्धी झिजलेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. माणूस पहिली गोष्ट करतो ती चिंच आणि मीठ लावून घासण्याची. इथंच सगळं वाया जातं. तांब्यावरचा हिरवा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. तांब्याचे क्षार कुजवणाऱ्या जिवाणूंना मारतात, त्यामुळं नाण्याला चिकटलेलं कापड किंवा दोरा टिकून राहू शकतो. नेवाशाच्या उत्खननात एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष तीन हजारांहून अधिक वर्षं तगले होते, आणि तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस ओळखता आला. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा दोरा निघाला. ते मणी कुणी घरी नेऊन लखलखीत केले असते, तर महाराष्ट्रातल्या इतक्या जुन्या दोऱ्याची गोष्ट आज आपल्याला ठाऊकच नसती.

वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची का, हे कळायला दायमाबाद पुरे. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या या गावी झाडाचं मूळ खणताना चार ओतीव शिल्पं वर आली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंच्या वर. अशी चीज महाराष्ट्रात दुसरी नाही. पण ती मातीच्या कुठल्या थरात होती, शेजारी कुठली खापरं होती, याची नोंद होण्याआधीच ती जमिनीबाहेर आली. पुढं तिथं रीतसर उत्खनन झालं, तरी शिल्पांच्या वयावर विद्वानांचा वाद मिटला नाही. कुणी ती उत्तर हडप्पा काळातली मानतात, कुणाला त्या धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणामुळं शंका वाटते. खणणाऱ्याचा यात दोष नव्हता. तो मूळ काढत होता, इतिहास नव्हे.

याच्या उलट उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं. 1906 मध्ये तिथं क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. एकाच राशीतल्या या पुनर्मुद्रित नाण्यांनी कुणी कुणाचा पराभव केला हे सांगून टाकलं. हीच नाणी मूठ-मूठ करून सराफांकडे गेली असती, तर उरली असती ती फक्त चांदी.

यंत्र वाईट नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1983 च्या वणव्यानं गवत जळालं, तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना रांगेत उभं करून डिटेक्टर फिरवले. वाजल्या जागी आधी निशाण रोवलं, मोजमाप घेतलं, मगच काडतूस उचललं. काडतुसांवरच्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठं सरकली, तेही काढता आलं. आपल्याकडे खर्ड्याचं मैदान आहे, इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. डेक्कन कॉलेजनं 1960 च्या दशकात खणलेलं ताम्रपाषाणयुगीन सोनगाव बारामती तालुक्यातच, कऱ्हा-नीरेच्या संगमावर आहे. काम कमी नाही.

अडचण कायद्याची आहे, आणि ती खरी आहे. 1878 चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कुणी मालकी सांगायला आलं नाही तर शोधणाऱ्याला वाटा मिळतो, आणि सरकारनं वस्तू घेतलीच तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देण्याची तरतूद आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ते एवढंच, की कळवलं तर पोलीस आणि वस्तू दोन्ही जातील. काही वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत बांधकामाच्या मातीत मोगल काळातली 216 सोन्याची नाणी मिळाली. ती न कळवता घरीच ठेवली गेली आणि शेवटी पोलिसांनाच ती काढावी लागली. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याविना खणणं हा निराळा गुन्हा. उजनीची बुडीत जमीन तर संपादित झालेली सरकारी जमीन आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये 1997 पासून लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना चालते. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी वस्तू पाहतात, फोटो काढतात, जागा लिहून घेतात आणि बहुतेक वस्तू परत देतात. पंधरा लाखांहून जास्त वस्तू अशा नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या 1878 च्या कायद्यात दहा रुपयांच्या अटीऐवजी नोंदणीची सोय आली, तर चिखलीसारख्या ठिकाणच्या मजुराला नाणी लपवायची गरज उरणार नाही. राज्य सरकारनं हे करायला हवं आणि फारसा खर्चही नाही.

तोवर शेतात, पायाच्या खड्ड्यात किंवा उजनीच्या गाळपेरात जुनं काही दिसलं, तर ते धुऊ नका, घासू नका. शेजारी पट्टी ठेवून जागेवरच फोटो घ्या, मोबाइलवर ठिकाण जतन करा, किती खोल आणि कुठल्या मातीत होतं ते लिहून ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय पुण्यात आहे, डेक्कन कॉलेजही पुण्यातच. आणि जेसीबी लावून पांढरीचं टेकाड सपाट करण्याआधी, ती जागा सातबाऱ्यावर कुठल्या गटात येते आणि तिच्यावर कुठली खापरं पडली आहेत, एवढं एकदा जाणकाराला दाखवून घ्या.