दाब कुठे हरवतो?

२००४ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली, तेव्हा पेट्रोल इंजिनाला टर्बो ही इथल्या रस्त्यांवर दुर्मीळ गोष्ट होती. इंजिन १.८ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, शक्ती १५० अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसला १८० मिळत होती, तरीही त्या काळच्या इतर गाड्यांपुढे ही उजवी होती, कारण २१० न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला १७५० फेऱ्यांपासूनच हाती यायचा. ऑक्टाव्हियाची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत होत असे. आज या गाड्यांनी विशी गाठली आहे आणि त्या जिवापाड जपणारी माणसं पुण्या-मुंबईत अजून आहेत.

त्यांच्या तोंडी एक तक्रार वारंवार असते: पिकअप गेला. गाडी सुरू होते, चालते, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाठीला सीटचा जो रेटा जाणवायचा, तो आता जाणवत नाही. गॅरेजमध्ये बॉनेट उघडतं, नळीत बोट घालून तेल दाखवलं जातं आणि निकाल लागतो: टर्बो गेला. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो असं माझं ठाम मत आहे. टर्बो हा या साखळीतला सर्वांत महाग भाग. त्याच्यावर आरोप ठेवण्याआधी हवेचा पूर्ण हिशोब मांडला पाहिजे, आणि तो मांडता येतो.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याच्या १९०५ सालच्या पेटंटपर्यंत मागे जाते. सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू एक टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावर बसवलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळण्याची सोय. ऑक्टाव्हियातला के-०३ हा टर्बो तसा लहानखुरा, पण त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून टर्बाइनला वळसा घालून वायू सोडून देणारं एक दार असतं, वेस्टगेट. ते ॲक्च्युएटर नावाचा एक डबा उघडतो. या डब्यात एक स्प्रिंग असते आणि कॉम्प्रेसरकडून आलेला दाब तिच्याविरुद्ध ढकलतो. स्प्रिंग एकटी असेल तर ०.३ बारच्या आसपासच दार उघडू लागतं. त्यापुढचा दाब मिळवण्यासाठी इंजिनाचा संगणक एन-७५ नावाचा छोटा विजेचा व्हॉल्व्ह वापरतो. ॲक्च्युएटरकडे निघालेल्या दाबाचा काही भाग तो वाटेतच परत फिरवतो, म्हणून दार उशिरा उघडतं.

ही रचना समजली की एक चमत्कारिक वाटणारं लक्षण उलगडतं. ॲक्च्युएटरकडे जाणारी रबरी नळी चिरली, तर ॲक्च्युएटरला पुरेसा दाब पोचत नाही, वेस्टगेट बंदच राहतं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, मर्यादेपलीकडे जातो. संगणक धोका ओळखून शक्ती छाटतो आणि गाडीला सुरक्षित पण मंद अवस्थेत नेतो. चालक तक्रार करतो की ताकद नाही, आणि मूळ दोष असतो दाब जास्त झाल्याचा. फॉल्ट कोड न वाचता इथे टर्बो बदलला, तर नवा टर्बोही तसाच वागेल.

आता हिशोबाकडे येऊ. एअर फिल्टरनंतर लगेच मास एअर फ्लो सेन्सर असतो. तापवलेल्या पातळ फिल्मवरून हवा गेली की फिल्म थंड होते. ती गरम ठेवायला किती वीज लागते यावरून आत गेलेल्या हवेचं वजन कळतं. १५० अश्वशक्तीसाठी सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा लागते. ग्रॅमच्या आकड्याला ०.८ ने भागलं की अश्वशक्तीचा ढोबळ अंदाज येतो, हा जाणकारांचा ठोकताळा. संगणक याच मापावर पेट्रोल देतो: दर १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, पूर्ण जोर असताना त्याहून थोडं जास्त.

एकच भोक कुठे पडलं यावरून तीन वेगळी लक्षणं दिसतात, आणि निदानाचा सगळा जीव मला इथेच वाटतो. सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या नळीत कायम ओढ असते. तिथली चीर न मोजलेली हवा आत घेते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधली नळी मात्र आयडलिंगला जवळपास बाहेरच्या हवेच्याच दाबावर असते, त्यामुळे उभ्या गाडीत तिची चीर कळतही नाही. जोर दिला की मोजून झालेली हवा त्या चिरेतून बाहेर पळते. पेट्रोल पूर्ण हवेच्या हिशोबाने दिलेलं, हवा अर्धवट पोचलेली. मिश्रण दाट होतं, मागून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. थ्रॉटलच्या पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डवर चीर असेल तर आयडलिंगला हवा आत शिरते आणि बूस्टला बाहेर जाते. अशी गाडी सिग्नलला थरथरते आणि पुढे मंदावते.

संगणक मिश्रणात किती टक्के दुरुस्ती करतो आहे हे स्कॅनरवर फ्युएल ट्रिम म्हणून दिसतं. आयडलिंगला ट्रिम बरीच अधिक आणि रस्त्यावर शून्याजवळ, तर शोध मॅनिफोल्डच्या बाजूला सुरू करावा. नुसती शंका असेल तर सेन्सरचा प्लग काढून गाडी चालवून पाहता येते. संगणक तेव्हा हवेचा अंदाज थ्रॉटल आणि फेऱ्यांवरून करतो. अशा अंदाजावर गाडी अधिक जोमाने पळाली, तर सेन्सरच चुकीचं मोजत होता हे जवळपास नक्की.

या गाड्यांच्या संगणकात मेझरिंग ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी दिसतात. तिसऱ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन दोन्ही नोंदवायचे. हे डायनोवर, म्हणजे गाडी जागीच पळवणाऱ्या रोलरवर करावं. रस्त्यावरच करायचं तर रस्ता मोकळा हवा आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर. मिळालेला दाब ०.३ बारपाशीच अडकून राहिला तर गाडी फक्त स्प्रिंगवर चालली आहे: एन-७५ किंवा त्याची वायर तपासा. दाब नीट चढून वरच्या फेऱ्यांना खचत असेल तर गळती, सैल वेस्टगेट किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. दाब वरखाली हेलकावत असेल तर एन-७५ किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटका पडदा.

एक सावधगिरी. स्कॅनरवरचा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, डॅशबोर्डवर बसवलेल्या मीटरचा बहुधा बाहेरच्या हवेच्या तुलनेतला. मुंबईत हवेचा दाब १०१० मिलिबारच्या आसपास, महाबळेश्वरला ८६० च्या. तोच १६०० मिलिबार दाब द्यायला मुंबईत टर्बोला हवा साधारण १.६ पट दाबावी लागते, महाबळेश्वरला जवळजवळ १.९ पट. घाटात गाडी मंदावली म्हणून ती बिघडली असं नव्हे. पण मुंबईत झाकली गेलेली बारीक गळती घाटमाथ्यावर उघडी पडू शकते.

उष्णतेचंही तसंच. ४० अंशांची हवा १.६ पट दाबली की आदर्श यंत्रातही ती ८५ अंशांवर जाते, आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर शंभरीच्या पार. ही दाबलेली हवा थंड करणारा ऑक्टाव्हियाचा इंटरकूलर लहान, बंपरच्या कोपऱ्यात दडलेला. मराठवाड्याच्या मे महिन्यात नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटणं टाळण्यासाठी संगणक स्पार्क मागे घेतो. ही कमी झालेली ताकद दोषाची नाही, उन्हाची आहे.

गळती शोधायचा खात्रीचा मार्ग तसा साधाच. सेन्सरच्या बाजूचं तोंड बुचाने बंद करून रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने फक्त अर्धा बार दाब भरायचा आणि सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं जोडाजोडावर साबणाचं पाणी लावत जायचं. ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्यांची वाट आधी बंद करावी, नाहीतर दाब थेट क्रँककेसमध्ये शिरून तेलाचे सील उडवतो. बुडबुडे बऱ्याचदा मॅनिफोल्डखाली लपलेल्या ब्रीदरच्या नळ्यांवर येतात. वीस वर्षांच्या उष्णतेत ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांमध्ये नवे बंध तयार करत जातो, रबर कडक होतं. तेलाची वाफ मिळाली की काही रबरं फुगून लिबलिबीत होतात. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी हाताने वाकवली की आतली चीर उघडते.

नळीतल्या तेलावरून टर्बो दोषी ठरवण्यात मोठी गफलत आहे. क्रँककेसमधली तेलाची वाफ ब्रीदरवाटे टर्बोच्या आधीच हवेत मिसळते, म्हणून नळीत तेलाचा पातळ थर असणं नैसर्गिक आहे. दांडा किंचित बाजूला हलणंही नैसर्गिक, कारण तेल नसताना तो बेअरिंगमध्ये सैलच असतो. तो पुढे-मागे सरकत असेल, पात्यांच्या कडा घराला घासल्या असतील आणि मागून निळा धूर येत असेल, तर मात्र टर्बो खरोखर संपला आहे. तेव्हाही त्याला तेल पुरवणारी बारीक नळी सोबतच बदलावी. एक्झॉस्टच्या धगीत तिच्यात तेल जळून कोळसा साचतो, आणि जुन्या टर्बोचा दांडा कोरडा पाडणारी तीच नळी नव्यालाही पहिल्या काही हजार किलोमीटरांतच संपवू शकते.