पोंतेवेद्रा : पायी चालणाऱ्यांचे शहर

स्पेनच्या गॅलिसिया भागातील पोंतेवेद्रा हे सुमारे ८३ हजार वस्तीचे शहर. १९९९ मध्ये महापौर मिगेल आंशो फर्नांदेस लोरेस यांनी जुन्या पेठांतून आरपार जाणारी वाहतूक बंद केली. रस्त्यावरचे पार्किंग काढून रस्ता आणि पदपथ एकाच पातळीवर आणले, त्यावर ग्रॅनाइटची फरशी घातली. मालवाहू गाड्यांना ठरावीक वेळ मिळाली; रहिवासी व अपंगांच्या वाहनांना प्रवेश राहिला. बाहेरून येणाऱ्यांसाठी शहराच्या कडेला मोफत वाहनतळ उभारले. तेथून मध्यभाग चालत गाठता येतो. मेट्रोच्या नकाशासारखा ‘मेट्रोमिनुतो’ २०११ मध्ये निघाला. तो चालण्याचे अंतर मिनिटांत दाखवतो. वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर झाली. अनेक शाळकरी मुले आता मोठ्यांच्या सोबतीविना चालत शाळेत जातात.