घर कोठे, शाळा कोणती?

वसंतातल्या व्याख्यानांना येणारी मंडळी शिक्षणाची तत्त्वे शांतपणे ऐकून घेतात. सभा संपली, दिवे मालवू लागले, की मग मंडपाच्या दाराशी खरा प्रश्न येतो. "ते सगळे खरे, पण आमच्या मुलीला पहिलीत कोठे घालू? शाळेसाठी बिऱ्हाड हलवावे का?" हा प्रश्न विचारणारे नुसते शहरातले नसतात. मुळशी तालुक्यातल्या रिहे गावाहून पिरंगुटच्या किंवा हिंजवडीच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला जाणारा बापही आता हेच विचारतो. घर गावात, भाताची खाचरे गावात, आई-वडील गावात. आणि पगार मात्र शहराच्या वेशीवर. अशा घरापुढे दोन वाटा असतात. मुलाला गावच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवावे, की शहरात दोन खोल्या भाड्याने घेऊन तिथल्या शाळेत घालावे? या प्रश्नाचा थोडा तपशिलाने विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रश्न पहिलीच्या शाळेचा दिसतो, परंतु पालकाची नजर असते ती सहावीवर. परीक्षा घेऊन, निवडून मुले घेणाऱ्या ज्या माध्यमिक शाळा आहेत, त्यांपैकी एखादीत मूल जावे, ही त्याची मनीषा असते. तेव्हा या शाळा मुले कशी निवडतात, हे आधी पाहिले पाहिजे. गंमत अशी, की त्यांतली प्रत्येक शाळा घराकडे निराळ्या नजरेने पाहते.

पहिली, जवाहर नवोदय विद्यालय. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या सुमारास ही योजना निघाली. सुरुवातीची दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये निघाली, त्यांतले एक हरियानात झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीस. कल्पना अशी, की खेड्यातल्या हुशार मुलाला बापाच्या ऐपतीमुळे चांगले शिक्षण नाकारले जाऊ नये. म्हणून जिल्ह्याला एक निवासी विद्यालय. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश सरकारकडून. नववीपासून विकास निधी म्हणून थोडी रक्कम घेतात, तीही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालील घरांना माफ असते. पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप येथे आहे. मुळशी जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, तर शिरूर पूर्वेला. परंतु मूल तिथेच राहणार असल्यामुळे घरापासूनचे अंतर निवडीच्या आड येत नाही.

प्रवेश सहावीत. एका विद्यालयात दर वर्षी जास्तीत जास्त ८० मुले घेतात. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची. त्यांत बुद्धिचाचणीला ५०, अंकगणिताला २५ आणि भाषेला २५ गुण असतात. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मूल पाचवीत त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकत असले पाहिजे. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

आता घराच्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे तो नियम. विद्यालयातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ८० पैकी ६० जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. ग्रामीण कोणाला म्हणायचे? ज्या मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तीनही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्णपणे काढली, त्याला. या तीन वर्षांत शहरी भागातल्या शाळेत मूल एक दिवस जरी शिकले, तरी ते शहरी उमेदवार धरले जाते. त्याच्या वाट्याला मग उरलेल्या २० जागांची चुरस येते, आणि त्या २० जागांवरही गावाकडची मुले गुणांच्या बळावर हक्क सांगू शकतात.

हा एक दिवसाचा नियम फार थोड्या पालकांना वेळेवर कळतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने मुलाला तिसरीत शहरातल्या शाळेत घातले. खोली भाड्याने घेतली, गणवेश शिवले, रिक्षा लावली. मूल रमेना, रात्री आजीच्या आठवणीने उठून बसे. वर्ष संपताच ते मुलाला परत गावी घेऊन आले. पुढे गावच्या मास्तरांनी त्याच्यावर चांगली मेहनत घेतली. पाचवीत नवोदयचा अर्ज भरायला बसले, तेव्हा रकाना आला: तिसरी कोणत्या शाळेत, ग्रामीण की शहरी? गृहस्थ बराच वेळ पेन हातात धरून बसले. ज्या वर्षावर त्यांनी मुलाच्या भल्यासाठी सर्वांत जास्त खर्च केला, त्याच वर्षाने त्याला ६० जागांच्या रांगेतून उठवले होते.

येथे आणखी एक बारकावा आहे. नियम पाहतो तो शाळेचा पत्ता, घराचा नव्हे. आणि गाव ग्रामीण की शहरी, हे तिथल्या शेतावरून ठरत नाही. सरकारी अधिसूचनेवरून ठरते. मुळशी तालुक्यातलीच सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत गेली. तिथल्या शाळांच्या भिंती हलल्या नाहीत, पण शाळा शहरी झाली. म्हणून शहराच्या कडेला जागा घेताना जो केवळ भाव आणि पाण्याचा नळ पाहतो, त्याने हद्दीचेही विचारावे. आणि अर्जाच्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर राहू नये.

दुसरी शाळा सैनिक स्कूल. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी निघाली, आणि देशातल्या सैनिक शाळांत ती पहिली. येथेही सहावीत प्रवेश परीक्षेने मिळतो. गणिताला ३०० पैकी १५० गुण असतात. उरलेले सामान्य ज्ञान, भाषा आणि बुद्धिमत्ता यांत वाटलेले असतात. ही परीक्षाही मराठीतून देता येते. २०२१-२२ पासून सर्व सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश आहे. येथे राज्य पाहतात, गाव पाहत नाहीत. तेव्हा सैनिक शाळेसाठी म्हणून कोणी रिह्याहून पुण्यास बिऱ्हाड हलवीत असेल, तर त्याचे भाडे फुकट जाते असे आम्ही म्हणू.

तिसरा प्रकार शहरातल्या निवडक शाळांचा. पुण्याच्या सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी प्रशाला हे त्याचे नामांकित उदाहरण. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली प्रबोधिनीची स्थापना केली. प्रशाला १९६९ मध्ये निघाली. बुद्धिमत्तेच्या कसोट्या घेऊन ती पाचवीत मुले घेते. अशा शाळेला मूल ग्रामीण आहे की शहरी, याचे देणेघेणे नाही. परंतु मुलाला रोज तिथे पोचावे लागते. दहा वर्षांच्या मुलाने रिह्याहून सदाशिव पेठेत रोज जाऊन येणे म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ रस्त्यावर घालवणे होय. येथे मात्र घराचा प्रश्न खरा आहे. पण तोही निवड झाल्यावरचा, पहिलीपासूनचा नव्हे.

चौथी गोष्ट सवलतींची. बालकांचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलमानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांत आरंभीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आहेत. २०२४ मध्ये या तरतुदीला महाराष्ट्रात मुरड घालण्याचा शासनाचा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द ठरविला. या प्रवेशात घर ते शाळा हे अंतर मोजले जाते, आणि जवळच्याला अग्रक्रम असतो. उलट, आठवीत असलेल्या गरीब पण गुणी मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. पालकाचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत असले, तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. पण ती मिळते शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. विनाअनुदानित शाळेत ओढाताणीने फी भरणारा बाप या ४८,००० रुपयांना मुकतो, आणि पुष्कळदा त्याला ते ठाऊकही नसते.

या साऱ्याची बेरीज केली तर चित्र असे दिसते. रिह्याच्या मुलाला ज्या एका दारासाठी घराचा पत्ता हलवणे सर्वांत घातक, ते दार नवोदयचे. आणि तेच दार त्याच्यासाठी सर्वांत रुंद उघडे आहे. लोक "गाव सोडा म्हणजे मुले शिकतील" असे म्हणतात. नियम मात्र तिसरी ते पाचवी गाव सोडू नका असे सांगतो.

काही चतुर मंडळी याचा उलटा अर्थ काढतात. राहायचे शहरात, शिकवणी शहरात, आणि नाव मात्र खेड्यातल्या शाळेच्या पटावर. हजेरी कागदावर लागते आणि मूल ६० जागांत बसते. हे आम्हांस साफ नामंजूर आहे. नियमाच्या शब्दात ते कसेबसे बसवता आले, तरी त्या जागेवरून उठवलेले मूल कोणाचे असते? ज्याच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही, सुगीत ज्याला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते, त्याचे. शिवाय आपल्या मुलाला आपण पहिला धडा कोणता देतो, याचाही विचार करावा.

शाळेसाठी घर बदलण्याचे हे वेड केवळ आपलेच नाही. इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांची वाटणी करीत. उत्तीर्ण मुले ग्रामर स्कूलमध्ये, बाकीची दुसऱ्या शाळांत. १९६५ नंतर बहुतेक भागांतून ही पद्धत गेली, तरी आजही तिथे १६३ ग्रामर स्कूले आहेत, आणि त्यांच्या आसपास घर मिळवण्यासाठी आईबाप धडपडतात. सिंगापुरात प्राथमिक शाळेत नाव घालताना एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना अग्रक्रम मिळतो. तिथे अंतराला मोल आले. जिथे चांगल्या शाळा थोड्या, तिथे त्यांच्यापर्यंतच्या वाटेवर पैशाची चौकी बसते. नवोदयच्या ७५ टक्क्यांच्या नियमाने ही चौकी उलट्या बाजूला बसवली, हे त्याचे मोठेपण होय.

पण एवढ्याने पालकाचे काम संपत नाही. गावची शाळा गावात आहे एवढ्यावर ती चांगली ठरत नाही. कायद्याने प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. म्हणजे लहान गावात दोन गुरुजी अनेक वर्ग एकदम सांभाळतात. तेव्हा पालकाने शाळेत जाऊन बसावे आणि काही साध्या गोष्टी पाहाव्यात. तिसरीचे मूल न अडखळता एक परिच्छेद वाचते का, आणि वाचलेले आपल्या शब्दांत सांगते का? चौथीचे मूल हातच्याची वजाबाकी आणि भागाकार करते का, आणि तसे का केले ते सांगते का? मुले प्रश्न विचारतात का? गोष्टींची पुस्तके कपाटात कुलपात आहेत, की मुलांच्या हातांत? इमारतीचा रंग आणि बसगाडीचा रंग यांपेक्षा या गोष्टींना आम्ही अधिक मोल देतो. आणि उणीव दिसलीच, तर शहराचे भाडे भरण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत बसावे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असावेत, असे कायदाच सांगतो.

नवोदयची भाषेची परीक्षा उतारा समजून घेण्याची आहे. ती रोजच्या वाचनाने जिंकली जाते. गणित बाजारहाटात आणि शेताच्या मोजणीत पक्के होते. बुद्धिचाचणीचा सराव लागतो, पण तो पाचवीत काही महिने पुरेसा आहे. तिसरीपासून मुलाला सरावाच्या घाण्याला जुंपू नये. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता तपासते. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला होत असे. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. गावातल्या गावात मुलाची तयारी जोखायला ती चांगली कसोटी आहे.

शेवटी एक हिशेब पालकाने मनाशी मांडावा. जिल्ह्यात जागा ८०. परीक्षेला बसणारी मुले त्याच्या कितीतरी पट. म्हणजे बहुसंख्य मुले निवडली जाणार नाहीत, आणि त्यांत आपले मूलही असू शकेल. तेव्हा शाळा आणि घर अशी निवडावीत, की निवड झाली नाही तरी ती पाच वर्षे वाया गेली असे वाटू नये. मूल वाचायला शिकले, आजीआजोबांच्या जवळ वाढले, घरावर कर्ज झाले नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून त्याला कोणी हिणवले नाही, एवढे साधले तर निवड योग्यच होती. पुढे नववीत रिकाम्या जागांसाठी नवोदयची निराळी परीक्षा असते, सैनिक शाळेचेही दार त्या इयत्तेत पुन्हा उघडते, आणि तालुक्यातल्या साध्या माध्यमिक शाळेतूनही पुढची वाट आहेच.

म्हणून दाराशी थांबवून विचारणाऱ्या त्या बापाला आमचे उत्तर असे: बिऱ्हाड हलवण्याआधी नियम वाचा, शाळेत जाऊन बसा, आणि मुलाला विचारा. बहुधा तुमच्या गावची शाळा तुम्हांला वाटते त्याहून जवळची आणि बरी निघेल. आणि ती बरी नसेल, तर तिला बरी करण्याचे काम आधी तुमचे आमचे आहे.