आधी भट्टी बघावी

महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचलेल्या डॉमिनोजची सुरुवात 1960 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलँटी नावाच्या छोट्या गावात झाली. तिथून डेट्रॉइट गाडीने तासाभराच्या आत येतं. पण खुद्द डेट्रॉइटचा पिझ्झा डॉमिनोजसारखा मुळीच नाही. तो आयताकृती आणि जाड असतो, त्याच्या कडा काळपट कुरकुरीत असतात आणि सॉस चीजच्या वर ओतलेला असतो. जगभर गेलेला पिझ्झा एक आणि त्याच परिसरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खात आली तो दुसराच. अमेरिकेत नव्या शहरी राहायला गेलेल्या मराठी माणसाने हा दुसरा पिझ्झा शोधावा, असं मला मनापासून वाटतं. त्या शहरात कोण येऊन राहिलं, त्यांनी कसली कामं केली, हे त्या एका ताटलीतून कळतं.

शोधायचं कसं? बहुतेक जण टॉपिंगची यादी वाचतात. माझ्या मते टॉपिंग सर्वांत शेवटी बघावं. पिझ्झाचा गाव ठरतो तो भट्टीत काय जळतं, पीठ कशावर किंवा कशात भाजतात आणि चीज कुठलं यावर. हाताशी जे होतं त्यातून प्रत्येक शहराने आपला पिझ्झा घडवला. म्हणून पहिल्यांदा जाल तेव्हा सगळ्यात साधा पिझ्झा मागवा. त्यात भट्टी आणि पीठ लपत नाही.

मूळ नेपल्सचं. तिथल्या पिझ्झाकारांच्या संघटनेने 1984 पासून नियमच घालून दिले आहेत: लाकडाची भट्टी, 430 ते 480 अंश सेल्सिअस तापमान, साठ ते नव्वद सेकंदांत भाजणं, व्यास फार तर 35 सेंटिमीटर. एवढ्या आचेत कडा फुगते आणि मधला भाग ओलसर, मऊ राहतो. तो कच्चा राहिला असं समजून परत पाठवू नये. तो तसाच असायला हवा. 2017 साली युनेस्कोने नेपल्सच्या या कलेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच भागातली माणसं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली. तिथल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या दगडी कोळशावर चालत. लाकडाच्या जागी कोळसा आला, आच थोडी उतरली, भाजायला मिनिटं जास्त लागू लागली, आणि पिझ्झा कडक, चिवट आणि जागोजागी काळा झाला. हा बदल आजही सर्वांत स्पष्ट दिसतो तो कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये.

येल विद्यापीठापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर वूस्टर स्ट्रीट आहे. अमाल्फी किनाऱ्यावरच्या मायोरी गावातून आलेल्या फ्रँक पेपे यांनी 1925 मध्ये तिथे दुकान थाटलं. त्यांचा भाचा साल्वातोरे कॉन्सिलिओ याचं ‘सॅलीज’ 1938 पासून त्याच रस्त्यावर आहे. तिसरं ‘मॉडर्न’, 1934 चं, स्टेट स्ट्रीटवर. तिथली भट्टी तेलावर चालते. ‘सॅलीज’ आणि ‘मॉडर्न’च्या पाट्यांवर ‘अपिझ्झा’ असं पिझ्झाचं तिथलं नाव लिहिलेलं दिसेल. पिझ्झा धड गोल नसतो, लांबुडका असतो. कागद घातलेल्या मोठ्या ट्रेवर तो तसाच समोर येतो, आणि तुकडेही वेडेवाकडे कापलेले असतात. मला हे फार आवडतं. भट्टीतून लांब फावड्याने काढलेली वस्तू भट्टीतून काढल्यासारखीच दिसते.

न्यू हेवनमध्ये ‘प्लेन’ मागितलं तर त्यावर मोझरेला नसतं, हे आधी माहीत असलेलं बरं. टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि वरून किसलेलं पेकोरिनो, एवढंच. मोझरेला हवं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो, पण मी म्हणेन की एकदा तरी तो बिनमोझरेलाचा खाच. तळाशी कोळशाच्या आचेचे काळे डाग, त्यांचा किंचित कडवटपणा आणि वर टोमॅटोची आंबटगोड चव. चीजचा थर नसल्यामुळे हे तिन्ही वेगवेगळं कळतं. डाग म्हणजे करपणं नव्हे. खालची बाजू उलटून बघा: काळ्या ठिपक्यांच्या मध्ये तपकिरी आणि पिवळा रंग दिसला तर भट्टी बरोबर आहे. सलग काळा थर असेल तर मात्र खरंच करपलं. मासे खाणाऱ्यांनी पेपेंकडचा शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा चुकवू नये. त्यात टोमॅटो नाही; लसूण, ओरेगॅनो, तेल, किसलेलं चीज आणि ताजे शिंपले. रत्नागिरी-मालवणकडे तिसऱ्या खात वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

काटेकोर शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं चीज, आणि ते परंपरेने कोकराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून करतात. इटलीच्या पार्मेजानो-रेजानोलाही वासराचं रेनेट लागतं. भारतात आपण खातो ते नेहमीचं चीज बहुतेक वेळा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, म्हणून हा प्रश्न घरी कधी पडत नाही. तिथे मात्र विचारावं, वरचं किसलेलं चीज नको म्हणून सांगावं. नेपल्सच्या पद्धतीचं दुकान असेल तर मारिनारा मागवावा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज मुळातच नाही.

न्यू जर्सीत आपली माणसं इतकी आहेत, पण ट्रेंटनच्या टोमॅटो पायविषयी फार थोड्यांना माहीत असतं. त्यात आधी चीज, मग वर कुस्करलेला टोमॅटो. 1912 पासून चालू असलेलं ‘पापाज’ आणि ‘डिलोरेंझोज’ ही दोन्ही जुनी दुकानं आता ट्रेंटन सोडून शेजारच्या रॉबिन्सव्हिलला गेली आहेत. रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम मंदिर बघायला गाड्या भरभरून जातात. त्याच फेरीत हेही होऊन जाईल.

न्यूयॉर्कची गोष्ट स्लाइसची. गॅसच्या भट्ट्या आल्यावर मोठे पिझ्झे भाजून ठेवणं, तुकडा पुन्हा गरम करून विकणं जमू लागलं. दुकानाची परीक्षा साध्या चीज स्लाइसवर करावी, आणि तीही गर्दीच्या वेळी, कारण काचेआड दोन तास पडून राहिलेला तुकडा कुठल्याच दुकानाचा चांगला लागत नाही. न्यूयॉर्कचं पाणीच वेगळं म्हणून पिझ्झा चांगला, असं लोक सांगतात. मला भट्टी आणि पीठ जास्त महत्त्वाचं वाटतं.

शिकागोला पाहुण्यांना डीप डिश दाखवतात, 1943 सालच्या ‘पिझ्झेरिया उनो’पासून सुरू झालेला. पण तिथल्या वस्त्यांमधली कुटुंबं पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकड्यांचा बारमधला पिझ्झा जास्त खातात. एका हातात बिअरचा ग्लास असताना दुसऱ्या हातात मावेल एवढाच तुकडा.

आणि डेट्रॉइट. पिंपरी-चिंचवडहून तिथे कामाला जाणाऱ्यांना हा पिझ्झा जवळचा वाटायला हवा, कारण तो मोटारींच्या कारखान्यातून आला. 1946 साली गस ग्वेरा यांच्या ‘बडीज’ या बारमध्ये सिसिलीच्या पद्धतीचं जाड पीठ भाजायला भांडं हवं होतं. कारखान्यांत सुटे भाग ठेवायचे निळसर पोलादाचे जाड, खोल आयताकृती ट्रे मिळत होते, तेच घेतले. पीठ ट्रेमध्येच फुगवायचं, त्यावर विस्कॉन्सिनचं ‘ब्रिक’ चीज थेट कडेपर्यंत पसरायचं आणि सॉस शेवटी, पट्ट्यांमध्ये. ब्रिक चीजमध्ये स्निग्धांश भरपूर असतो. ते वितळून ट्रेच्या भिंतीशी उतरतं आणि तिथे स्वतःच्याच तुपात तळलं जातं. बासुंदीच्या पातेल्याची खरवड जशी भावंडांत वाटून घ्यावी लागते, तशी या पिझ्झाची कड.

डेट्रॉइटबाहेर हा पिझ्झा शोधणाऱ्याने ती कडच तपासावी. नुसता चौकोनी आकार आणि फिकट कडा असेल तर चीज भिंतीला लागलेलंच नाही, किंवा ट्रे पातळ होता. लहान आकाराचा मागवला तर त्याचे चारच तुकडे होतात आणि प्रत्येकाला कोपरा मिळतो. म्हणून मी नेहमी एका मोठ्याऐवजी दोन लहान सुचवतो.

पुण्या-मुंबईच्या मेनूकार्डांवरही आता ‘नेपोलिटन’, ‘डेट्रॉइट’ अशी नावं दिसतात. तिथेही भट्टीविषयी विचारायला हरकत नाही. ज्याला कामाची आवड आहे तो स्वयंपाकी तापमान आनंदाने सांगतो. घरी करायचं असेल तर नेपल्सचा नाद सोडावा, कारण घरगुती ओव्हन 250 अंशांच्या आसपास थांबतो. डेट्रॉइटचा मात्र तेवढ्या आचेत चांगला जमतो. जाड पत्र्याचा, उभ्या काठांचा ट्रे घ्यावा. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल भिजवावं, तेल लावलेल्या ट्रेमध्ये पसरून दुप्पट होऊ द्यावं. ब्रिक चीज इथे सहज मिळत नाही. त्याऐवजी मध्ये मोझरेला आणि भिंतीला लागून चेडरचे तुकडे ठेवावेत. ट्रे ओव्हनच्या खालच्या कप्प्यात सरकवावा आणि कडा गडद तपकिरी होईपर्यंत काढू नये. बाहेर काढल्यावर दोनच मिनिटांत पातळ उलथनं कडेने फिरवून पिझ्झा सोडवून घ्यावा, नाहीतर चीज ट्रेला धरून बसतं.