खांडसहून भीमाशंकर : अरण्यांतील पायवाट

महाशिवरात्रीस व श्रावणांत भीमाशंकराच्या दर्शनास जाणाऱ्या शेतकरी बंधूंची संख्या मोठी असते. मंचर-घोडेगांवाकडून पक्की सडक झाली असल्यामुळें बहुतेक मंडळी मोटारीनेंच जातात. तथापि कोंकणांतील खांडस गांवाहून सह्याद्रीचा कडा चढून वर जाण्याची जुनी पायवाट अद्याप चालू आहे, व तिनें जाण्याची हौस तरुण मंडळींत वाढत आहे. त्यांस उपयोगी पडावी म्हणून ही माहिती येथें देत आहों.

ज्याचा जन्म शेतांत गेला त्यास चालणें काय शिकवावयाचें, असें कोणी म्हणेल. आम्ही महसुली नोकरींत असतां पुष्कळ गांवांचीं शिवारें पायाखालीं घातलीं. त्यावरून सांगतों कीं, शिवारांतील वाट व अरण्यांतील वाट या दोन निराळ्या वस्तु आहेत. शिवारांत बांध, पाणंद, शिवेचा दगड व हाकेच्या अंतरावर कोणी तरी मनुष्य असतोच. अरण्यांत या खुणा मिळत नाहींत.

कर्जत किंवा नेरळ स्टेशनावर उतरून कशेळ्यावरून खांडसास जावें. गांवापुढें पुलाजवळ दोन वाटा फुटतात. उजवीकडची गणेश घाटाची, लांबची पण सोपी. डावीकडची शिडी घाटाची, जवळची पण अति उभी. शिडी घाटांत कातळास लोखंडी शिड्या लावल्या आहेत व त्यांच्या बाजूस खोल दरी आहे. पावसाळ्यांत कातळावर शेवाळ धरतें. अशा वेळीं त्या वाटेनें मुळींच जाऊं नये. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या सपाटीवर मिळतात. तेथून पुढें दाट झाडींतून पुनः खडी चढण लागते. एकंदर चढण सुमारें तीन हजार फूट असून गणेश घाटानें साधारण मनुष्यास पांच ते सहा तास लागतात. म्हणून उजाडतांच निघावें, व परत त्याच वाटेनें न उतरतां वरून एस. टी. नें जावें, हें उत्तम.

आतां मुख्य गोष्ट. शेतकरी बहुधा दोन संवयींमुळें अरण्यांत फसतो. पहिली, गुरांच्या वाटेवर विश्वास ठेवण्याची. गुरांच्या वाटा चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जातात व तेथेंच विरतात. माणसांच्या पायांनीं दगड घासून गुळगुळीत झालेले असतात. ती खूण नाहींशी झाली कीं शेवटच्या खुणेपर्यंत मागें फिरावें. दुसरी संवय याहून घातक आहे. देशावर ओढा धरून खालीं गेलें कीं गांव लागतें, हा आपला अनुभव. सह्याद्रीच्या पश्चिम अंगास ओढा धरून उतरणारा मनुष्य कड्याच्या तोंडाशीं येऊन अडकतो. तेथून खालीं जातां येत नाहीं व पुष्कळदां वरही चढतां येत नाहीं. वाट चुकल्यास ओढ्यांत उतरूं नये. सर्वांनीं एकत्र बसावें, हाका माराव्या, आणि अंधार पडल्यास जागा सोडूं नये. मोबाईलची रेंज सर्वत्र मिळत नाहीं. यासाठीं प्रथम जाणारानें खांडसचा किंवा पदरवाडीचा माहितगार मनुष्य योग्य मजुरी देऊन बरोबर घ्यावा.

उन्हाळ्याच्या तोंडीं ओढे आटतात. माणशीं तीन लिटर पाणी बरोबर असावें. पावसाळ्यांत धुकें उतरलें कीं दहा पावलांवरचें दिसत नाहीं, व ओढ्यास एकाएकीं लोंढा येतो; पाणी ओसरेपर्यंत थांबावें. हिंवाळ्यांत खाजकुइलीच्या शेंगांपासून जपावें. हिरवा चापडा साप झुडपांच्या फांद्यांवर पानांत मिसळून बसतो. म्हणून हात टेकण्यापूर्वीं पाहावें. दंश झाल्यास जखम कापूं नये, आवळून बांधूं नये; रोग्यास न चालवितां इस्पितळांत न्यावें. कड्यास आग्या मोहोळ असतें, तेथें धूर किंवा गलका करूं नये.

या श्रमांचें फळही थोडें नाहीं. हिरडा, जांभूळ, अंजनी यांची झाडी, दर सात वर्षांनीं एकदां फुलणारी कारवी, आणि फांद्यांवरून झेपा घेणारें शेकरू येथें दिसतें. पावसाळी रात्रीं कुजक्या लांकडावरील बुरशी मंद उजेड देते. १९८५ सालीं हें रान अभयारण्य ठरलें. येथें झाड तोडणें, शिकार करणें व आग लावणें हा गुन्हा आहे. फाल्गुनांत वाळक्या पाचोळ्यावर विडीचें एक थोटुक पडलें तरी डोंगर पेटतो. म्हणून विडी-काडी खांडसांतच ठेवून निघावें.

कायद्याचें भय बाजूस ठेवलें तरी आपला स्वार्थ यांत आहेच. भीमा याच डोंगरांत उगम पावते. १९८० सालीं पुरें झालेलें उजनी धरण तिच्यावरच आहे, व पंढरपुरापर्यंतचे बागाईतदार तिच्याच पाण्यावर पीक काढतात. झाडीच्या मुळांनीं व पाचोळ्यानें अडविलेला पाऊस सावकाश झिरपतो. डोंगर उघडा पडल्यास तोच पाऊस मातीसह वाहून जाईल. बांध फुटल्याचें नुकसान ज्यास ठाऊक आहे, त्यास हें अधिक सांगणें नको.